ड्रोन उडण्याआधी निविदा वाचा: जमीन नोंदणीची सुधारणा आणि आपली वस्ती

गावठाणाच्या मोजणीसाठी ड्रोन येतो, तेव्हा त्याच्या आधी गावात चुना पडतो. घरांच्या हद्दीवर आणि गल्ल्यांच्या कडेने पांढऱ्या रेषा मारल्या जातात, मग ड्रोन वरून छायाचित्रे घेतो. चुना जिथे थांबतो तिथे मोजणीही थांबते. त्यापलीकडची घरे छायाचित्रात दिसतात, पण कुणाच्या नावाने नोंदली जात नाहीत.

अशा वेळी आपले कार्यकर्ते तलाठ्याला, ग्रामसेवकाला किंवा मोजणीदाराला जाब विचारतात. "ते आमच्या कामात नाही," असे उत्तर मिळते. ही टाळाटाळ वाटते, पण अनेकदा ते खरेच असते. कोणते काम करायचे, ते कुठपर्यंत आणि किती पैशात करायचे, हे ड्रोन येण्याच्या कितीतरी आधी कार्यालयात ठरलेले असते. त्या टप्प्याला खरेदी नियोजन म्हणतात. त्यातून निविदा निघते, निविदेतून करार होतो आणि करारात नसलेले काम कुणीही करत नाही. आपण मोर्चा काढतो तो मोजणी झाल्यावर. हा लेख त्याच्या आधीच्या टप्प्याबद्दल आहे.

सरकार नेमके काय विकत घेते?

जमिनीच्या नोंदी चार ठिकाणी असतात. खरेदीखत, बक्षीसपत्र, गहाणखत असे दस्त १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार दुय्यम निबंधकाकडे नोंदवले जातात. सातबारा आणि फेरफार महसूल खात्याकडे असतात. मोजणीचे नकाशे आणि मिळकत पत्रिका भूमि अभिलेख खात्याकडे, तर गावातल्या घरांचा कर आकारणीचा नमुना ८ ग्रामपंचायतीकडे असतो.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. आपल्याकडे दस्ताची नोंदणी होते, मालकीची हमी सरकार देत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातील नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. म्हणजे नोंद चुकीची असली तर ती चुकीची आहे हे सिद्ध करण्याचा बोजा आपल्यावर येतो. ज्याच्याकडे वकील नाही, जुने कागद नाहीत, त्याच्यासाठी चुकीची नोंद हीच शेवटची नोंद ठरते.

या चारही नोंदी संगणकावर आणून एकमेकींना जोडायच्या, ही गेल्या दोन दशकांतली मोठी सुधारणा. केंद्राचा राष्ट्रीय भूमि अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम २००८ मध्ये सुरू झाला. आज तो डिजिटल इंडिया भूमि अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम म्हणून चालतो. प्रत्येक भूखंडाला चौदा अंकी भू-आधार क्रमांक देणे हा त्याचाच भाग. गावठाणातील घरांसाठी २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना जाहीर झाली. ड्रोनने मोजणी, मग चौकशी आणि शेवटी सनद किंवा मिळकत पत्रिका, असा तिचा क्रम आहे. १८ जानेवारी २०२५ रोजी एकाच कार्यक्रमात देशभरात ६५ लाखांहून अधिक मिळकत पत्रिका वाटल्या गेल्या.

या सगळ्यासाठी ड्रोन, मोजणीचे रोव्हर, सर्व्हर आणि संगणक प्रणाली लागते. त्याशिवाय जुने कागद स्कॅन करणारी, ते वाचून संगणकात भरणारी, लोकांच्या हरकती ऐकून घेणारी माणसेही लागतात. यंत्रांची किंमत काढणे सोपे असते. माणसांच्या कामाची किंमत काढणे अवघड असते, आणि काटकसर करायची वेळ आली की नेमके तेच काम कापले जाते.

आपल्या वस्तीचे तीन प्रश्न

पहिला प्रश्न गावठाणाच्या हद्दीचा. गावठाणाची हद्द संहितेच्या कलम १२२ खाली ठरते. आपल्या अनेक वस्त्या गावाच्या कडेला आहेत आणि त्या का कडेला आहेत हे आपल्याला कुणी सांगायला नको. वस्ती वाढली तशी घरे हद्दीबाहेर गेली. काही घरे गायरानावर, काही वतनाच्या जमिनीवर उभी राहिली. कामाच्या व्याप्तीत फक्त "गावठाण" एवढाच शब्द असेल, तर वस्तीचा निम्मा भागही बाहेर राहू शकतो.

दुसरा प्रश्न वतनाच्या जमिनींचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात महार वतनासंबंधी विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली आणि जमिनी नवीन व अविभाज्य शर्तीवर परत देण्याची तरतूद झाली. या जमिनी जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाहीत. त्यांचे संरक्षण सातबाऱ्यावरच्या त्या एका शेऱ्यात आहे. संगणकात नोंद भरताना शेरा सुटला, तर कागदावर ती जमीन मोकळी होते आणि घेणारे टपलेलेच असतात. या जमिनींवर खातेदारांची नावेही पुष्कळ असतात. सगळ्या वारसांची नावे भरायची की दोन नावे लिहून पुढे "व इतर" चालेल, हेही प्रणाली तयार होतानाच ठरते. शिवाय जुने कागद मोडीत आहेत. करारात मोडी वाचकांसाठी पैसे धरले नसतील, तर ते कागद स्कॅन होतील, पण कुणी वाचणार नाही.

तिसरा प्रश्न गायरानाचा, आणि तो सर्वांत नाजूक आहे. १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. पडीक आणि गायरान जमीन कसणाऱ्याला द्या, ही त्यातली एक प्रमुख मागणी होती. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची काही अतिक्रमणे नियमित करण्याचा मार्ग खुला केला. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या जगपाल सिंग निकालात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढायला सांगितले, पण शासनाच्या अधिसूचनेनुसार भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवादही नोंदवला. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरान अतिक्रमणांची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा गावोगावी नोटिसा गेल्या.

म्हणून "आमचेही घर मोजा" एवढी मागणी पुरत नाही. नकाशावर घर आले आणि शेऱ्यात फक्त "अतिक्रमण" लिहिले गेले, तर तोच नकाशा उद्या आपल्या विरोधात पुरावा होईल. ताबा केव्हापासून आहे आणि त्याचा पुरावा काय, हे रकानेही सोबत असले पाहिजेत. निविदेतून कुणाला नवा हक्क मिळत नाही, तो कायद्याने आणि धोरणानेच मिळतो. पण हक्क मागताना लागणारा पुरावा नोंदला जाईल की पुसला जाईल, हे मात्र निविदेत ठरू शकते.

एका रकान्याची किंमत

तेलंगणाचे उदाहरण ताजे आहे. तिथे २९ ऑक्टोबर २०२० रोजी धरणी ही प्रणाली सुरू झाली. नोंदणी आणि फेरफार एकाच ठिकाणी, झटपट, हा तिचा मोठा गुण होता. पण नव्या नोंदीतून जमीन प्रत्यक्ष कोण कसतो हा ताब्याचा रकाना गेला, आणि चुका दुरुस्त करण्याचे महसूल अधिकाऱ्यांचे अधिकार आटले. लोकांना दिवाणी न्यायालयाची वाट धरावी लागली. दुरुस्तीच्या सोयी नंतर एकेक करून जोडल्या गेल्या. शेवटी राज्याने नवा कायदा केला आणि १४ एप्रिल २०२५ रोजी, आंबेडकर जयंतीच्या दिवशी, भू भारती ही नवी प्रणाली आणली. प्रणाली वेगवान होती, पण चूक झाल्यास काय करायचे याचा विचार उशिरा झाला.

महाराष्ट्राचाही एक धडा आहे. दस्त नोंदणीचे संगणकीकरण २००२ च्या सुमारास खाजगी भागीदारांकडून, बांधा-वापरा-हस्तांतरित करा या तत्त्वावर झाले. सरकारला सुरुवातीला मोठी रक्कम गुंतवावी लागली नाही. तो खर्च पानामागे २० रुपये दस्त हाताळणी शुल्कातून, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्यांच्या खिशातून निघाला. पुढे २०१२ पासून राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची आय-सरिता प्रणाली आली, पण शुल्क मात्र राहिले. खर्च कुणाच्या माथी बसणार, हेही खरेदीची पद्धत निवडतानाच ठरते.

दुसऱ्या बाजूला आफ्रिकेतला रवांडा आहे. या छोट्या देशाने साधारण २००९ ते २०१३ या काळात एक कोटीहून अधिक भूखंडांची नोंद केली. तिथेही हवाई छायाचित्रेच वापरली. पण त्यांनी स्थानिक तरुणांना थोडक्या दिवसांत शिकवून मोजणी सहायक केले. छापील छायाचित्र घेऊन ते शेतावर गेले आणि मालक व शेजारी समोर उभे असताना हद्द आखली. पती आणि पत्नी दोघांच्या नावे नोंद झाली. एका भूखंडामागे खर्च आला जेमतेम सहा-सात डॉलर. नंतरचे व्यवहार नोंदवण्यात तिथेही अडचणी आल्या. तरीही एक गोष्ट दिसून आली: गावातली माणसे कामावर घेतली तर काम महाग होतेच असे नाही.

पैसे कोणत्या कामाचे?

कोणत्याही करारात सर्वांत आधी देयकांचे टप्पे पाहावेत. एजन्सीला तयार झालेल्या प्रत्येक पत्रिकेमागे पैसे मिळणार असतील, तर ती सोपी घरे आधी उरकेल. वाद असलेले, कागद नसलेले, विधवेच्या किंवा स्थलांतरित कुटुंबाचे घर बाजूला पडेल. उलट, शेवटचा मोठा हप्ता हरकती निकाली निघाल्यावर आणि वस्तीत जाहीर वाचन झाल्यावर मिळणार असेल, तर हीच एजन्सी आपल्या दारापर्यंत येईल. संगणकीकृत सातबाऱ्यांसाठी २०१७ मध्ये राज्यात चावडी वाचनाची मोहीम झाली होती, म्हणजे ही कल्पना नवी नाही. वाचन फक्त चावडीवर न होता वस्तीतल्या विहाराच्या अंगणातही व्हावे, एवढेच तर मागायचे आहे.

दुसरी गोष्ट निवडीच्या पद्धतीची. सर्वांत कमी दर देणाऱ्याला काम देणे संगणक किंवा खुर्च्या घेताना ठीक आहे. पण घरोघरी चौकशी करण्याच्या कामात फार कमी दर याचा अर्थ कमी माणसे आणि कमी दिवस. अशा कामात गुणवत्ता आणि दर दोन्हींना गुण देण्याची पद्धत नियमांत आहे.

तिसरी गोष्ट माहितीच्या मालकीची. करार संपल्यावर सगळी माहिती आणि प्रणालीचा आराखडा शासनाकडे राहणार का, आणि पुढची दुरुस्ती कोण करणार, हे लिहिलेले नसेल तर कंपनी गेल्यावर आपला अर्ज कुणाकडे द्यायचा हेच कळत नाही.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

१) गावाचे किंवा तालुक्याचे काम जाहीर झाले की माहिती अधिकार कायदा २००५ खाली कामाची व्याप्ती, गावांची व वस्त्यांची यादी, करार, कार्यारंभ आदेश आणि देयकांचे टप्पे मागवा. "व्यापारी गुपित" म्हणून नकार आला, तर व्यापक जनहितासाठी तीही माहिती देता येते, हे कलम ८(१)(ड) मध्येच लिहिलेले आहे.

२) राज्याच्या निविदा महाटेंडर्स संकेतस्थळावर निघतात. मंडळातल्या एका तरुणाने दर आठवड्याला भूमि अभिलेख, महसूल, नोंदणी आणि ग्रामविकास या चार विभागांच्या निविदा पाहाव्यात. निविदापूर्व बैठकीत प्रश्न विचारण्याचा अधिकार बोलीदारांना असतो, पण विभागाला लेखी सूचना पाठवायला कुणाची बंदी नाही. त्या तारखेच्या आत पाठवल्या तर शुद्धिपत्रकात बदल होऊ शकतो, नंतर सहसा होत नाही.

३) मोजणीपूर्वी ग्रामसभेचा ठराव घ्या. वस्तीचे नाव, घरांची संख्या, चुना कुठून कुठपर्यंत पडावा, हे ठरावात लिहा.

४) प्रत्येक घराची फाइल तयार ठेवा: नमुना ८, वीजबिल, घरकुलाचा आदेश, जुनी मतदार यादी, मुलांचे शाळेचे दाखले. गायरानावरच्या घरांसाठी १४ एप्रिल १९९० पूर्वीचा कागद सोन्यासारखा जपा. मिळकतीवर घरातल्या बाईचे नाव लागेल याकडे लक्ष द्या.

५) लेखनाची चूक असेल तर संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्तीचा अर्ज करा आणि पोच घ्या. फेरफाराची नोटीस आली की पंधरा दिवसांच्या आत लेखी हरकत द्या. तोंडी हरकत नोंदीत राहत नाही.

६) यातले काम आपणही घेऊ शकतो. केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार मंत्रालये आणि सार्वजनिक उपक्रमांच्या वार्षिक खरेदीत ४ टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी राखलेला आहे. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. स्कॅनिंग, माहिती भरणे, ड्रोन चालवणे, मोडी वाचन ही कामे शिकलेल्या तरुणांनी उद्यम नोंदणी करून या दारात उभे राहावे.

आपल्या आजोबांच्या पिढीने जमिनीसाठी तुरुंग भोगला. त्यांच्यासमोर पोलीस होते, लाठी होती, सगळे डोळ्यांना दिसत होते. आपल्यासमोर पीडीएफमधली एक ओळ आहे, आणि ती कुणी वाचत नाही. तुमच्या तालुक्यात पुढची निविदा निघेल तेव्हा ती उघडा आणि "व्याप्ती" या शीर्षकाखाली आपल्या वस्तीचे नाव शोधा. नाव नसेल तर त्याच आठवड्यात लेखी पत्र द्या.

जय भीम.