विकीचा पेहराव आणि आपली शिरोरेषा

घराण्यांचे कुलवृत्तांत छापण्याची हौस आपल्या समाजाला जुनीच आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथल्या मराठी घरांत असा एखादा कापडी बांधणीचा ग्रंथ अजून आढळतो, आणि त्याच्या समासात पुढच्या पिढीने शाईने वाढविलेली नावेही आढळतात. छापील वृत्तांत बाहेर पडतो त्याच दिवसापासून जुना होऊ लागतो. ही अडचण दूर करणारे साधन म्हणजे विकी. ज्याला जे ठाऊक त्याने ते तेथे लिहावे, चुकल्यास दुसऱ्याने सुधारावे आणि प्रत्येक फेरफाराची नोंद मागे राहावी, अशी ही वही. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने २५ मार्च १९९५ रोजी पहिला विकी जगापुढे ठेवला. नाव मात्र त्याने होनोलुलूच्या विमानतळावरील ‘विकी विकी’ बसवरून उचलले. हवाई बेटांच्या भाषेत विकी म्हणजे जलद. २००१ साली विकिपीडिया निघाला, १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडियाही निघाला. तो ज्यावर चालतो ते मीडियाविकी हे सॉफ्टवेअर कोणालाही विनामूल्य घेऊन आपल्या घराण्याच्या वा संस्थेच्या कामी लावता येते.

मीडियाविकीत मजकूर निराळा आणि त्याचे रूप निराळे. मजकूर डेटाबेसमध्ये असतो; तो पडद्यावर कोणत्या रंगांत, कोणत्या मांडणीत दिसावा हे ठरविणाऱ्या फायलींच्या संचाला ‘स्किन’ म्हणतात. आम्ही त्याला पेहराव म्हणू. पेहराव बदलल्याने पणजोबांच्या चरित्रातील एक कानाही इकडचा तिकडे होत नाही. विकिपीडियाने स्वतः २००४ साली मोनोबुक आणि २०१० साली व्हेक्टर हे पेहराव चढविले. जानेवारी २०२३ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर व्हेक्टरची नवी आवृत्ती आली. हे झाले घरचे कपडे. यांखेरीज सिटिझन, कॅमिलियन असे बाहेरच्या मंडळींनी शिवलेले पेहरावही मिळतात. ते देखणे असतात, मोबाइलवर नीट बसतात, आणि संस्थेतील तरुण मंडळी त्यांच्यावर लुब्ध झाली तर नवल नाही.

पेहराव चढविण्याची कृती फारशी अवघड नाही. त्याच्या फायली ‘स्किन्स’ या फोल्डरात ठेवायच्या, ‘लोकलसेटिंग्स’ या मुख्य फायलीत एका ओळीने त्याची नोंद करायची आणि सर्वांसाठी तोच हवा असल्यास आणखी एक ओळ लिहायची. रोमन लिपीतील नाव लहानमोठ्या अक्षरांसह तंतोतंत जुळले पाहिजे. मीडियाविकीची कोणती आवृत्ती त्या पेहरावाला लागते हेही आधी पाहावे. कॅमिलियनसारख्याला तर बूटस्ट्रॅप नावाची जोडसामग्री अगोदर बसवावी लागते.

परंतु परका पेहराव हा नुसता सदरा नव्हे. त्यात आपल्या सर्व्हरवर चालणारा प्रोग्राम असतो. म्हणजे शिंप्याने कपडा पाठविला नाही, तर तो स्वतःच घरात राहावयास आला. म्हणून त्याची देखभाल अजून कोणी करते काय, चुका कळविल्यास दुरुस्त होतात काय, याची चौकशी केल्यावाचून त्याला उंबरठा ओलांडू देऊ नये. केवळ चित्र पाहून निवड करणे आम्हांस धोक्याचे वाटते.

आमच्या मते खरी परीक्षा पुढेच आहे. यांतील बहुतेक पेहराव रोमन अक्षरे डोळ्यांपुढे ठेवून बेतलेले असतात. इंग्रजीत मथळ्याच्या अक्षरांमध्ये थोडी जागा सोडली की तो ऐटबाज दिसतो. तीच जागा देवनागरीत सोडली की शिरोरेषा तुटते आणि शब्द दातपडका दिसू लागतो. ओळींमधील अंतर रोमन अक्षरांच्या मापाने कमी ठेवले तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात. मथळ्याची चौकट तोकडी असेल तर मात्रा नि अनुस्वार चक्क कापले जातात. तिरपी अक्षरे तर देवनागरीला मुळीच शोभत नाहीत.

हिंदी मुलखात राहणाऱ्या आपल्या मंडळींना आणखी एक गोष्ट जाणवेल. मराठीचा पाकळीचा ल आणि हिंदीतील दंडाचा ल एक नव्हेत. श चीही तीच कथा. काही फॉन्टांत दोन्ही रूपे असतात, आणि पानाची भाषा मराठी म्हणून नोंदविली असेल तर ब्राउझर त्यांतील आपले रूप उचलतो. पेहरावाने स्वतःचा फॉन्ट लादला की हा विवेक सुटू शकतो. तीच गोष्ट चंद्राकृती अर्ध्या र ची. दऱ्या आणि दर्या यांत डोंगर नि समुद्र यांचे अंतर आहे. कऱ्हाडे, गोऱ्हे ही आडनावे आणि बऱ्हाणपूर हे गाव ज्या फॉन्टात मोडते, तो कुलवृत्तांताच्या काय कामाचा? मुंबईच्या ‘एक टाइप’ मंडळींनी घडविलेला मुक्ता हा मोफत फॉन्ट अशा कामी पाहण्याजोगा आहे.

या दुरुस्त्या पेहरावाच्या मूळ फायलींत करण्याचा मोह अनेकांना होतो. तसे करू नये; पुढची आवृत्ती चढविताच आपली सारी मेहनत पुसली जाते. मीडियाविकीत ‘कॉमन सीएसएस’ नावाचे एक पान असते. तेथे लिहिलेले नियम सर्व पेहरावांना लागू होतात आणि एखाद्याच पेहरावासाठी वेगळे पानही करता येते. अक्षरांतील जागा शून्य, ओळींतील अंतर थोडे सैल, फॉन्ट आपल्या पसंतीचा, एवढे तीन नियम लिहिले तरी निम्मे दुखणे बरे होते. ही पाने बदलण्याचा अधिकार मात्र एकदोन जाणत्या व्यक्तींकडेच असावा.

आणि सर्वांवर नवा पेहराव लादण्यापूर्वी, पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह (ते पत्त्यात आधीच असल्यास ‘&’ हे चिन्ह), ‘युजस्किन’ हा रोमन शब्द, बरोबरीचे चिन्ह आणि पेहरावाचे नाव जोडून त्यात एकेक पान पाहता येते. इतरांच्या नजरेस काही पडत नाही. त्या पानावर वरची सारी आडनावे, चारदोन जोडाक्षरे आणि एक लांबलचक मथळा लिहून ठेवावा. मग ते घरातल्या सर्वांत वडील माणसाकडून, चष्मा लावून, मोबाइलवर वाचवून घ्यावे. जेथे ते अडखळतील तेथे खूण करावी, आणि पेहरावाची नवी आवृत्ती आली की तेच पान त्यांच्यापुढे पुन्हा धरावे.