प्रौढपणींचा मधुमेह : त्याच्या पूर्वसूचना

कांहीं रोग गाजावाजा करीत येतात. हिंवताप आला कीं दांत वाजूं लागतात. मुतखडा उठला कीं माणूस गडबडा लोळतो. प्रौढपणीं होणारा मधुमेह मात्र शरीरांत केव्हां शिरला हें पुष्कळांना कळतहि नाहीं. ज्या दिवशीं डॉक्टरांनीं निदान केलें त्या दिवशीं रोग सुरू झाला असें रोगी समजतो. वस्तुतः त्यापूर्वीं कित्येक वर्षें त्याचा मुक्काम पडलेला असूं शकतो. म्हणून या रोगाच्या पूर्वसूचना कोणत्या व त्या कां उत्पन्न होतात, याविषयीं आज श्रोत्यांपुढें थोडा विचार मांडावयाचा आहे.

हा रोग आपल्या देशाला नवा नाहीं. ‘मधुमेह’ हें नांवच चरक व सुश्रुत यांच्या संहितांतलें आहे. रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धांवतात, हेंहि प्राचीन वैद्यांच्या नजरेस आलें होतें. परंतु मूत्रांत साखर दिसेपर्यंत थांबणें आज शहाणपणाचें मानीत नाहींत. त्याचें कारण समजून घेण्यासारखें आहे.

आपण खाल्लेल्या भात-पोळीची शरीरांत साखर होते. ती स्नायूंना नीट घेतां यावी म्हणून स्वादुपिंड इन्शुलिन नांवाचा रस रक्तांत सोडतें. प्रौढपणींच्या मधुमेहांत हा रस आरंभीं आटलेला नसतो. पेशी त्याला दाद देईनाशा होतात, आणि अधिकाधिक रस पुरवतां पुरवतां स्वादुपिंड थकतें. मग साखर रक्तांतच सांचते. दर १०० मिलिलिटर रक्तांत ती सुमारें १८० मिलिग्रॅमच्या पुढें गेली, कीं मूत्रपिंडांना अडवून धरतां येत नाहीं व ती लघवीवाटें पडूं लागते. जातांना ती पाणीहि ओढून नेते. म्हणून रात्रीं दोन-तीनदां उठावें लागतें, घसा कोरडा पडतो, तहान भागत नाहीं. आणि अन्नाचें सत्त्व असें वायां गेल्यामुळें भूक असूनहि वजन उतरतें.

पण मधुमेह ठरण्याची मर्यादा याच्या पुष्कळ अलीकडे आहे. सकाळीं उपाशीपोटीं रक्तांतील साखर १२६ मिलिग्रॅम वा अधिक भरली, तर तो मधुमेह होय. म्हणजे ज्याला तहान नाहीं व ज्याच्या लघवींत साखर नाहीं, अशा माणसालाहि मधुमेह असूं शकतो. तहानेची वाट पाहत बसणें धोक्याचें, तें यासाठींच.

या मधल्या काळांत शरीर ज्या बारीकसारीक खुणा देतें, त्यांची आपण दुसरींच कारणें लावतों. थकवा आला तर वय झालें म्हणतों. दृष्टि कधीं अंधुक, कधीं स्वच्छ होऊं लागली तर नवा चष्मा करतों. साखरेच्या चढउतारानें डोळ्यांतील भिंगाचा आकार बदलतो हें ठाऊक नसतें. जखम चिघळत राहते, गळवें पुनःपुन्हां उठतात, हिरड्या सुजतात. गुप्तांगीं खाज सुटते, आणि आपल्या घरांतील स्त्रिया ती संकोचानें महिनोन्महिने कोणापाशीं बोलत नाहींत. तळपायांना मुंग्या येतात, आग होते किंवा ते बधिर वाटतात. मानेची वा काखेची कातडी काळसर, जाड, मखमलीसारखी होते. तो मळ समजून घांसण्यांत अर्थ नाहीं. यांपैकीं एकेक खूण दुसऱ्या कारणानेंहि होऊं शकते. तें कोणतें कारण, हें रक्ताची तपासणीच सांगेल.

‘मी गोड खात नाहीं, शिवाय अंगानें सडपातळ आहें,’ असें कित्येक गृहस्थ निश्चिंतपणें म्हणतात. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं एका इंग्रज सहकाऱ्यासह २००४ सालीं स्वतःचेंच उदाहरण प्रसिद्ध केलें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन अगदीं सारखें. पण शरीरांतील चरबी इंग्रज डॉक्टरांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के भरली! आपल्या लोकांची चरबी दिसते त्याहून अधिक असते व ती पोटाभोंवतीं सांठते. म्हणून वजनाच्या कांट्याइतकीच मोजपट्टीहि महत्त्वाची. कंबर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरहून अधिक असणें, आईवडिलांस वा भावंडांस हा रोग असणें, गरोदरपणीं साखर वाढलेली असणें, बैठा व्यवसाय असणें, हीं सर्व जोखमीचीं लक्षणें होत.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्यानें झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत देशांतील मधुमेहींची संख्या सुमारें १० कोटि १० लाख व या रोगाच्या उंबरठ्यावरील लोकांची १३ कोटि ६० लाख अशी अंदाजिली आहे. यास्तव वयाच्या तिशीनंतर प्रत्येकानें, त्रास असो वा नसो, रक्त तपासून घ्यावें. सरकारी आरोग्यकेंद्रांतहि ही सोय आहे. उपाशीपोटीं साखर १०० ते १२५ च्या दरम्यान निघाली तर सावध व्हावें. गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी दुसरी एक तपासणी असते, तींत ६.५ टक्के वा अधिक आंकडा मधुमेह दर्शवितो. लक्षणें नसतांना एकाच तपासणीवर विसंबूं नये. ती पुन्हां करून खात्री करावी.

लौकर कळण्याचा लाभ कोणता, असें कोणी विचारील. दीर्घकाळ वाढलेली साखर डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडें, हृदय व पायांच्या नसा मुकाट्यानें पोखरते. बधिर पायाला खडा टोंचलेला कळत नाहीं. तेथें व्रण होतो आणि अखेर पाय कापण्याची पाळी येते. उलट उंबरठ्यावर असलेल्यांनीं आहार आटोक्यांत ठेवून रोज चालण्याचा नेम धरला, तर पुष्कळांचा रोग टळतो किंवा लांबणीवर पडतो. चेन्नईच्या संशोधकांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अशा आचरणानें मधुमेह होण्याचें प्रमाण तीन वर्षांत २८.५ टक्क्यांनीं घटलें.

एक इशारा मात्र निक्षून द्यावयास हवा. तहान व लघवी एकाएकीं फार वाढून त्यासोबत वांत्या, जोराचा श्वास किंवा गुंगी दिसूं लागली, तर घरगुती उपायांत वेळ न दवडतां रोग्यास तत्काळ रुग्णालयांत न्यावें. एरवीं, घरांतील वडील माणसें रात्रीं वरचेवर पाण्याचा तांब्या शोधूं लागलीं, तर उन्हाळ्याला बोल लावण्यापूर्वीं त्यांच्या रक्ताची एकवार तपासणी करून घ्यावी, एवढीच श्रोत्यांना विनंति आहे.