खऱ्या निळ्याचा शोध

पोलंडमधल्या राद्झिन गावाहून आलेले निळे दोरे आयझॅक हेर्झोग यांनी रसायनतज्ज्ञांकडे तपासायला दिले, तेव्हा ते जेमतेम पंचविशीचे होते. जन्म पोलंडमधल्या लोम्झाचा, बालपण इंग्लंडात लीड्सला गेलेलं. वडील रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, आणि स्वतःही रब्बी. लंडन विद्यापीठात डॉक्टरेटसाठी त्यांनी विषय घेतला होता प्राचीन हिब्रू लोकांच्या जांभळ्या-निळ्या रंगांचा. हा प्रबंध १९१३ सालचा. राद्झिनचा तो निळा दोरा हजारो ज्यू पुरुष त्या काळी श्रद्धेने अंगावर वागवत होते. शतकांपूर्वी हरवलेला धर्मविहित रंग परत मिळाला, असं ते मानत होते.

तपासणीचा निष्कर्ष आला. हा रंग म्हणजे प्रशियन ब्लू. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये प्रथम तयार झालेला, लोखंडापासून बनणारा कृत्रिम रंग.

हा निष्कर्ष एवढा गंभीर का होता ते समजायचं, तर आधी नियम काय होता ते पाहावं लागेल. ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथातल्या, म्हणजे तोरामधल्या, ‘गणना’ या ग्रंथाच्या पंधराव्या अध्यायात आज्ञा आहे: वस्त्राच्या कोपऱ्यांना गोंडे लावा, आणि प्रत्येक कोपऱ्याच्या गोंड्यात एक निळा दोरा घाला. तो पाहून ईश्वराच्या आज्ञा आठवाव्यात, हा हेतू. या गोंड्यांना ‘त्सित्सित’ म्हणतात आणि त्या निळ्याला ‘तेखेलेत’. ‘अनुवाद’ ग्रंथात वस्त्राचे चार कोपरे स्पष्ट सांगितले आहेत. म्हणून नियम चारकोनी वस्त्रालाच लागतो. पुरुष प्रार्थनेच्या वेळी चारकोनी शाल पांघरतात आणि अनेक जण दिवसभर सदऱ्याखाली तसंच एक लहान वस्त्र घालतात. कोपऱ्याच्या भोकातून चार दोरे ओवून दुमडले की आठ पदर लोंबतात. मग गाठी आणि वेढे. दोरा कातताना, रंगवताना मनात हेच धर्मकार्य असायला हवं. बाजारात दुसऱ्या कामासाठी कातलेला उत्तम दोराही इथे चालत नाही.

आणि निळाही कुठलाही चालत नाही. तालमूद, म्हणजे ज्यू धर्मनियमांच्या चर्चेचा प्राचीन ग्रंथ, सांगतं की तेखेलेत मिळतं ते ‘हिलाझोन’ नावाच्या समुद्री जिवापासून. त्याचं अंग समुद्रासारखं, आकार माशासारखा, आणि त्याचा रंग फार महाग. तो पकडणारे लोक टायरच्या किनाऱ्यापासून हैफापर्यंत काम करत. याच नियमाला एक कठोर इशारा जोडलेला आहे. वनस्पतीपासून काढलेली नीळ, म्हणजे ‘काला इलान’, लावून तो दोरा तेखेलेत म्हणून खपवणाऱ्याला ईश्वर स्वतः शासन करेल. माणसाच्या डोळ्याला दोन्ही निळे सारखेच दिसतात. फरक फक्त ईश्वरालाच कळतो. भारतातून पश्चिमेकडे जाणारी नीळ त्या काळी ठाऊक होती, स्वस्त होती आणि डोळ्यांना हुबेहूब भासत होती. फसवणुकीची ही भीती पुढच्या साऱ्या शोधामागे सतत उभी आहे. नुसता सुंदर निळा मिळवायचा असता, तर शोधाची गरजच नव्हती.

तालमूदमध्ये रंगाऱ्याची कृती सांगणारा एक छोटा संवाद आहे. तो मला त्या ग्रंथातल्या सर्वात जिवंत जागांपैकी एक वाटतो. एक विद्वान दुसऱ्याला विचारतो, तेखेलेत रंगवता कसं? उत्तर येतं: हिलाझोनचं रक्त आणि इतर द्रव्यं भांड्यात घालून उकळतो. मग थोडंसं अंड्याच्या कवचात काढतो, लोकरीचा पुंजका बुडवून पाहतो. ते कवचातलं ओतून देतो आणि पुंजका जाळतो. जाळायचा का? कारण चाचणीसाठी रंगवलेली लोकर धर्मकार्यासाठी रंगवलेली नाही, आणि ती भांड्यातल्या रंगाला लागली तर सगळा रंग बाद. खोटा दोरा ओळखण्याच्या चाचण्याही दिल्या आहेत: तुरटी, मेथीचा रस आणि चाळीस दिवस जुनं मूत्र यांत रात्रभर भिजवायचा, आणि रंग उतरला तर खोटा ठरवायचा.

मग हे सारं हरवलं कसं? रोमन सम्राटांनी समुद्री शंखांपासून काढलेला जांभळा रंग आपल्या सत्तेची खूण केला आणि इतरांच्या वापरावर बंधनं आणली. तेखेलेतही त्यात सापडलं. तालमूदमध्ये एका सांकेतिक पत्राचा उल्लेख येतो. एक जोडी एका गावाहून आली, तिला ‘गरुडाने’, म्हणजे रोमनांनी, पकडलं. तिच्याजवळ तेखेलेत होतं. दैवकृपेने ती सुखरूप सुटली. एका दोऱ्यासाठी सांकेतिक भाषेत पत्रं लिहावी लागत होती, यावरून काळ कसा होता ते समजतं. पुढे सातव्या शतकात अरबांनी रंगाऱ्यांचा तो किनारा जिंकला, त्या उलथापालथीत रंगाऱ्यांची घराणी आणि त्यांची विद्या नाहीशी झाली. आठव्या शतकाच्या सुमाराच्या एका ग्रंथात म्हटलंय की आता आपल्याकडे पांढरंच उरलं, तेखेलेत दडवलं गेलं.

नियम मात्र बंद पडला नाही, आणि त्याचं श्रेय तालमूदचा गाभा असलेल्या मिश्नेतल्या एका निवाड्याला आहे: निळा नसेल तरी पांढरा दोरा ग्राह्य. म्हणून येमेनपासून पोलंडपर्यंत, सगळीकडे गोंडे पांढरे राहिले. कोकणात शनिवारी तेलघाणा बंद ठेवल्यामुळे ‘शनवार तेली’ म्हणवले गेलेले बेने इस्राएल ज्यू ज्या शेमा प्रार्थनेचं पहिलं वचन पिढ्यान्‌पिढ्या जपत आले, तिच्या पूर्ण पाठाचा तिसरा भाग म्हणजे हाच गोंड्यांचा उतारा. निळ्या दोऱ्याची आज्ञा रोज म्हटली जात होती, आणि हातात मात्र पांढरा दोरा होता.

एका माणसाला हे सहन होईना. राद्झिनचे हसिदी, म्हणजे भक्तिपंथी ज्यूंचे, गुरू रब्बी गेर्शोन हेनोख लाइनर यांनी १८८७ साली एक लहान पुस्तक लिहून मांडणी केली, की हिलाझोन शोधून काढणं शक्य आहे, आणि शक्य असेल तर शोधणं कर्तव्यच आहे. मग ते थेट इटलीत नेपल्सला गेले. तिथे नुकतंच मोठं मत्स्यालय झालं होतं. काचेमागे पोहणाऱ्या प्राण्यांसमोर उभा असलेला काळ्या झग्यातला पोलिश धर्मगुरू, मनात तालमूदची एकेक खूण पडताळून पाहणारा: हे चित्र मला फार आवडतं. शेवटी त्यांनी निवड केली सेपियाची. आपल्या कोकणात जिला माकूल म्हणतात, तिच्याच जातकुळीतला, शाई सोडणारा हा प्राणी. त्याच्या काळ्या शाईतून निळा रंग काढण्याची कृतीही त्यांनी मिळवली. दोनच वर्षांत राद्झिनच्या हजारो अनुयायांच्या गोंड्यांत निळा दोरा आला. विरोधही झाला. ब्रिस्कचे रब्बी सोलोवेचिक यांचा आक्षेप वजनदार होता: हा प्राणी कधी हरवलाच नव्हता, सगळ्यांना ठाऊक होता, मग तोच हिलाझोन असल्याची परंपरा कुणाकडेच कशी नाही?

वीस-पंचवीस वर्षांनी हेर्झोग यांनी राद्झिनला पत्र पाठवून कृती मागितली, आणि तिथल्या लोकांनी विश्वासाने ती कळवली. शाईत लोखंडाचा कीस आणि पोटॅश घालून प्रचंड तापवायचं. इथेच सगळं उलगडलं. इतक्या उष्णतेत शाई जळून तिचा कार्बन-नायट्रोजन मोकळा होतो आणि लोखंडाशी जुळून प्रशियन ब्लू बनतो. शाईचा स्वतःचा रंग त्यात उरतच नाही. शाईऐवजी दुसरं कुठलंही प्राणिज द्रव्य घातलं असतं, तरी निळा आलाच असता. म्हणजे हा निळा समुद्रातून आलेला नव्हताच. लाइनर यांनी जाणूनबुजून फसवलं असं मानायला मला काहीच आधार दिसत नाही. शोधाच्या तळमळीत त्यांनी मिळालेल्या कृतीवर विश्वास ठेवला.

आणि याच पत्रव्यवहाराने पुढे एक वेगळंच काम केलं. दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधले राद्झिनचे हसिदी आणि त्यांचं रंगकाम दोन्ही नष्ट झालं. वाचलेल्या मंडळींनी इस्राएलमध्ये तो दोरा पुन्हा रंगवायला घेतला, तेव्हा कृती मिळाली ती हेर्झोग यांच्या जपून ठेवलेल्या पत्रांतून. ज्याने तो रंग नाकारला, त्यानेच तो पुढच्या पिढीच्या हाती दिला.

मग खरा हिलाझोन कुठला? हेर्झोग यांच्यासमोर पुरावा जवळपास उघडा होता. १८५८ साली फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ लाकाझ-द्यूतिए यांना भूमध्य समुद्रातल्या मिनोर्का बेटावर एक कोळी शंख फोडून त्याच्या रसाने आपल्या कपड्यावर खुणा करताना दिसला. रस आधी फिका, मग उन्हात जांभळा होत गेला. तिथून त्यांनी प्राचीन जांभळ्याचे शंख ओळखले. त्यांतला एक म्युरेक्स ट्रंक्युलस. सायडनजवळ या शंखांच्या फुटक्या कवचांचे ढीग सापडले होते. १९०९ मध्ये रसायनशास्त्रज्ञ पाउल फ्रीडलेंडर यांनी त्याच कुळातले १२,००० शंख फोडून १.४ ग्रॅम रंगद्रव्य मिळवलं आणि त्याची रचना ठरवली: निळीच्याच रेणूला ब्रोमीनचे दोन अणू जोडलेले. सगळ्या खुणा ट्रंक्युलसकडे बोट दाखवत होत्या. पण त्याच्यापासून येणारा रंग जांभळट. तालमूदला अभिप्रेत आकाशाचा, समुद्राचा निळा येईना. शिवाय संग्रहालयातल्या स्वच्छ कवचाचा रंग समुद्रासारखा मुळीच दिसत नव्हता. म्हणून हेर्झोग यांनी नाइलाजाने जांथिना या दुसऱ्या, जांभळ्या कवचाच्या शंखाकडे लक्ष वळवलं. तोही नीटसा बसेना. पुढे ते पॅलेस्टाइनचे आणि मग इस्राएलचे मुख्य रब्बी झाले आणि १९५९ साली वारले. प्रश्न तसाच राहिला.

उत्तर मिळालं १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला, इस्राएलमधल्या रामत गानच्या शेंकार वस्त्र महाविद्यालयात, आणि ते शोधायला कुणी निघालं नव्हतं. रंगरसायनाचे अभ्यासक ओटो एल्स्नर ट्रंक्युलसच्या रंगावर प्रयोग करत होते. त्यांच्या लक्षात आलं की ढगाळ दिवशी लोकर जांभळट निघते आणि लख्ख उन्हाच्या दिवशी निळी. शंख तेच आणि कृतीही तीच. बदललेलं होतं ते फक्त ऊन.

कारण असं. शंखाच्या ग्रंथीतला रस पाण्यासारखा असतो. हवा आणि त्यातलंच एक विकर यांमुळे तो जांभळा होतो. हा जांभळा पाण्यात विरघळत नाही, म्हणून लोकरीत उतरवण्याआधी त्याचं रासायनिक क्षपण करावं लागतं. निळीच्या रांजणात रंगारी तेच करतो. त्या विरघळलेल्या, हिरवट-पिवळ्या अवस्थेत त्यावर ऊन पडलं की अतिनील किरण ब्रोमीनचे अणू सोडवतात. उरते नीळ. लोकर बुडवून बाहेर काढली की हवेत ती पाहता पाहता निळी होते. प्रयोगशाळेतले संशोधक बंद भांड्यात, घरात काम करत होते. प्राचीन रंगारी समुद्रकाठी उघड्यावर. हेर्झोग यांना हवा असलेला निळा त्याच शंखात होता. तो कुणी उन्हात ठेवला नव्हता एवढंच.

यानंतर बाकीच्या खुणाही जुळत गेल्या. रंगासाठी शंख जिवंत ठेवण्याची तालमूदमधली काळजी आता अर्थपूर्ण ठरते, कारण शंख मेला की विकर झपाट्याने निकामी होतं. कवचाच्या रंगाचं कोडंही समुद्रातच सुटलं: जिवंत ट्रंक्युलसवर शेवाळाचा थर असतो, आणि पाण्याखाली तो खडकापासून वेगळा ओळखणं कठीण जातं. १९८०च्या दशकाच्या अखेरीला रब्बी एलियाहू ताव्गर यांनी धर्मनियमांनुसार, त्याच हेतूने, या शंखाच्या रंगात दोरे बुडवले आणि गोंडे बांधले. तेराशे वर्षांनंतर.

पुरातत्त्वानेही आपली साक्ष दिली, काहीशी अवघड साक्ष. रोमनांविरुद्धच्या बार कोखबाच्या बंडातल्या लोकांनी आश्रय घेतलेल्या गुहेत पुरातत्त्वज्ञ यिगाएल यादिन यांना लोकरीचा रंगीत पुंजका सापडला. अपुऱ्या राहिलेल्या गोंड्यांची लोकर म्हणून त्याचा गाजावाजा झाला. तपासणीत निघाली वनस्पतीची नीळ आणि किड्यापासूनचा लाल. उलट मासादा किल्ल्यावर मिळालेल्या कापडाच्या एका लहान तुकड्यात शेंकारचे झ्वी कोरेन यांना ट्रंक्युलसचा रंग सापडला. २०११ साली ते जाहीर झालं. पण कोरेन यांचं म्हणणं असं की खरं तेखेलेत शुद्ध निळं नव्हतंच, जांभळट निळं होतं. म्हणजे छटेचा वाद अजून उभा आहे.

मला सर्वात गूढ वाटतं ते वेगळंच. उन्हात ब्रोमीन गळून गेल्यावर उरणारा रेणू आणि शेतात उगवणाऱ्या निळीचा रेणू एकच आहे. ज्या खोट्या निळ्यापासून सावध राहायला सांगितलं होतं, त्याच्याशी खरा निळा अणूअणूने जुळतो. डोळ्याला फरक दिसत नाही, हे तालमूदने रसायनशास्त्राच्या कितीतरी आधी सांगून ठेवलं होतं. या दोन दोऱ्यांमध्ये उरतो तो एक समुद्री जीव, आणि दोरा बुडवणाऱ्याचा हेतू.

अनेक रब्बी आजही हा दोरा स्वीकारत नाहीत. काहींच्या मते दडवलेलं तेखेलेत मसीहाच परत आणेल. काहींना अखंड परंपरेशिवाय नुसता प्रयोगशाळेचा पुरावा पुरत नाही. जे स्वीकारतात, त्यांच्यापुढे एक बाराव्या शतकातला वाद अचानक जिवंत झाला आहे. आठ पदरांपैकी निळे किती? मैमोनिडीस या धर्मपंडिताच्या मते एक. त्याचा टीकाकार रावाद म्हणतो दोन. राशी आणि तोसाफोतकार हे तालमूदचे भाष्यकार म्हणतात चार. शेकडो वर्षं हा वाद फक्त पानांवर होता, कारण हातात निळा दोराच नव्हता. आता इस्राएलमध्ये तेखेलेतचे गोंडे विकत घ्यायला आलेल्या माणसाला ठरवावं लागतं: एक, दोन की चार.