अस्वल गुदगुल्या करत नाही

लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीच्या आसपासची मुलं दिवाळीच्या सुट्टीत दोन-तीन दिवसांच्या ट्रेकला निघाली, की घरचे साप आणि बिबट्या यांची चौकशी करतात. अस्वलाचं नाव सहसा निघत नाही. निघालंच तर उत्तर तयार असतं: ‘कोकणात कुठलं अस्वल?’

आहे. खेड तालुक्याची पूर्वेकडची बाजू सह्याद्रीच्या माथ्याला भिडते आणि पलीकडे कोयनेचं रान सुरू होतं. कोयना अभयारण्य 1985 सालचं, चांदोली राष्ट्रीय उद्यान 2004 सालचं. 2010 साली दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. या पट्ट्यात अस्वलं राहतात. मेळघाटाइतकी किंवा बुलढाण्याच्या ज्ञानगंगेइतकी ती इथे नजरेस पडत नाहीत, एवढंच. खोपीहून रघुवीर घाट चढून कांदाटी खोऱ्यात उतरणारा, चोरवण्यातून नागेश्वरला जाणारा किंवा महिपतगड-सुमारगड-रसाळगड असा तीन गडांचा पल्ला मारणारा गट अस्वलाच्या मुलखात किंवा त्याच्या वेशीवर चालत असतो. गाठ पडण्याची शक्यता कमी आहे, पण पडली तर काय करायचं हे मुलांना आधी माहीत असलं पाहिजे.

इथे इंटरनेट घोटाळा करतं. अस्वलापासून बचाव शोधला, की समोर येतो तो बहुतेक अमेरिकेतला सल्ला: खाणं झाडाला टांगा, घट्ट झाकणाच्या डब्यात कोंडा, तंबूपासून लांब ठेवा. तिथली अस्वलं माणसाच्या शिध्याला चटावलेली असतात, म्हणून ते ठीक. आपलं अस्वल मुख्यतः वाळवी आणि मुंग्यांवर जगतं. वारूळ फोडायचं, तोंड लावायचं आणि वाळवी ओढून घ्यायची. त्यासाठी त्याला वरचे मधले दोन दात निसर्गानेच दिलेले नाहीत. जोडीला मध, उंबरं, जांभळं, बोरं, बहाव्याच्या शेंगा. शिधा उघडा टाकू नयेच, पण तो माकडं, रानडुकरं आणि गावच्या कुत्र्यांसाठी. अस्वल तुमच्या पोह्यांसाठी येत नाही. ते अंगावर येतं ते दचकून. मुलांना पक्की समजवायची गोष्ट ती हीच, आणि सगळी तयारी त्यावरूनच ठरते.

आता गुदगुल्या. अस्वल माणसाला धरून गुदगुल्या करून मारतं, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं आणि मुलं त्यावर खिदळतात. खिदळण्यासारखं त्यात काही नाही. वारूळ उकरायला वाढलेली त्याची लांब, वाकडी नखं हल्ल्यात बहुतेकदा डोक्यावर आणि चेहऱ्यावर चालतात. दरवेशाच्या दोरीला बांधलेलं, काठीवर नाचणारं अस्वल ज्यांनी पाहिलं, त्यांच्या मनात ते गरीब जनावर म्हणून बसलं. दात पाडून, नाकात दोरी ओवून केलेली ती गरिबी होती. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा खेळ बेकायदा ठरला, तरी तो पुरता थांबायला 2009 साल उजाडलं.

दुसरी गोष्ट सगळ्यांना पाठ आहे: दोन मित्र, एक झाडावर चढला, दुसरा श्वास रोखून पडला, अस्वल हुंगून निघून गेलं. इसापाने मैत्रीबद्दल सांगितलं, आपण ते संरक्षणाचं शास्त्र समजलो. आपलं अस्वल मधासाठी सराईतपणे झाडावर चढतं, तेव्हा झाडावरचा मित्र सुरक्षित नाही. पळणंही व्यर्थ, लठ्ठ आणि डुलत चालणारं हे जनावर माणसापेक्षा वेगाने धावतं. लांबून दिसलं तर थांबायचं, एकमेकांना चिकटून उभं राहायचं, त्याला वाट मोकळी ठेवून सावकाश मागे सरकायचं. फोटोसाठी पुढे कुणी जायचं नाही, आणि पाठीवर पिल्लं असलेली मादी असेल तर मुळीच नाही. हल्ला झालाच तर पालथं पडून दोन्ही हातांनी मान झाकायची. सॅक पाठीवर असेल तर राहू द्यायची. हे एकदा अंगणात करून घ्यावं. तोंडी सूचना ऐनवेळी आठवत नाहीत.

‘जंगलात बोलायचं नाही’ हा नियम पक्षी पाहताना चांगला. पण कारवीच्या दाटीत, वळणावर, ओढ्याच्या खळखळाटात पन्नास पावलांवरचं दिसत-ऐकू येत नसेल, तर गप्पा मारत जावं. अस्वलाचं नाक तिखट असलं, तरी वारूळ उकरण्यात गढल्यावर त्याला जवळ आलेल्या माणसाचा पत्ता लागत नाही. माणसाचा आवाज लांबून कानावर पडला, की ते आपणहून बाजूला होतं. (ब्लूटूथ स्पीकर याचं उत्तर नव्हे. तो घरी ठेवावा.) पुढे वाटाड्या, शेवटी अनुभवी माणूस, लहान मुलं मध्ये. महिपतगड ते सुमारगड या रानात वाटा फसव्या आहेत, तिथे गावचा वाटाड्या हवाच.

शिबिरांत एका गोष्टीबद्दल लाजेपोटी कुणी बोलत नाही. पहाटे अंधारात एकट्याने झुडपाआड परसाकडे जाणं हा सगळ्या ट्रेकमधला धोक्याचा क्षण असू शकतो. अस्वलाचा वावर रात्री आणि पहाटे-संध्याकाळी अधिक. थंडीत ते गुहेत झोपून राहतं, हाही बर्फाळ देशातून आलेला समज. आपलं अस्वल बारा महिने हिंडतं. तेव्हा बॅटरी घेऊन, तिघांनी मिळून, आवाज करत जायचं. मुलींच्या गटासोबत मोठी बाई असावी.

आणि गावातून मागे लागलेलं कुत्रं! ट्रेकर्सना त्याचं फार कौतुक. ते पुढे धावून अस्वलाची खोडी काढतं आणि भेदरून तुमच्याकडेच पळत येतं, मागे अस्वल. त्याला पायथ्याशीच परतवावं.

शेकोटीवर भिस्त नको. अभयारण्यात आग पेटवता येत नाही, आणि 15 फेब्रुवारी ते 15 जून हा तर वणव्याचा हंगाम. कोयनेच्या हद्दीत शिरायला वन विभागाची परवानगी लागते, तिथल्या वासोटा किल्ल्यावर मुक्कामाला मनाई आहे. ‘गाववाले ओळखीचे आहेत’ ही परवानगी नव्हे. मुलांना रानात रात्र काढायची हौस असेल तर रसाळगडावरचं झोलाई देवीचं मंदिर बरं.

खरं सांगायचं तर अस्वलापेक्षा उन्हाचा त्रास, निसरडा कातळ आणि आग्या मोहोळ यांच्याशीच गाठ पडण्याचा संभव जास्त. मोहोळाखाली धूर, अत्तर आणि आरडाओरडा नको. म्हणजे बोलत चालण्याचा नियम कड्याखाली उलटा होतो, हे मुलांना वेगळं सांगावं लागतं.

अस्वलाने नुसतं ओरबाडलं तरी ‘मलम लावू’ म्हणून ट्रेक पुढे रेटू नये. जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि थेट रुग्णालय गाठायचं, कारण रेबीजची लस लागते. खेड तालुक्यात कळंबणीचं उपजिल्हा रुग्णालय महामार्गालगत आहे. रुग्णवाहिकेचा 108 आणि वन विभागाचा 1926 हे क्रमांक प्रत्येक मुलाच्या खिशात कागदावर लिहून द्यावेत. दरीत फोनला रेंज नसते, म्हणून परतीची वेळ पायथ्याच्या गावात एकाला सांगून ठेवावी.