बर्फातले बांबू

वास्कोच्या हेडलँड सडा पठारावर मे महिन्यात शर्ट अंगाला चिकटतो. खाली मुरगाव बंदर, समोर समुद्र आणि हवेत खारट ओल. याच सड्यावरच्या एका इमारतीत उणे 20 अंश तापमानाची खोली आहे, आणि अंटार्क्टिकातून कापून आणलेले बर्फाचे दंडगोल तिच्यात जपून ठेवले आहेत. ही इमारत राष्ट्रीय ध्रुवीय आणि सागरी संशोधन केंद्राची. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर 1981 मध्ये गोव्यातूनच निघाली, तेव्हा 1998 साली ही संस्था इथे उभी राहिली त्यात फारसं नवल नाही. नवल पुढे आहे. अंटार्क्टिकात मैत्री आणि भारती, आर्क्टिकमध्ये हिमाद्री अशी घरं करून झाल्यावर ऑक्टोबर 2016 मध्ये या गोवेकर संस्थेने चौथं घर बांधलं ते हिमाचल प्रदेशात, लाहौल-स्पितीतल्या चंद्रा नदीच्या खोऱ्यात, साडेतेरा हजार फुटांच्या वर. त्याचं नाव हिमांश.

चंद्रभागा म्हटलं की आपलं मन पंढरपूरच्या वाळवंटात जातं. ती चंद्रभागा भीमा. इथली चंद्रा बारालाचा खिंडीच्या बाजूला उगम पावते, तांदी गावाशी तिला भागा मिळते आणि दोघींची चंद्रभागा होते. तीच पुढे चिनाब. खोरं जवळजवळ अडीच हजार चौरस किलोमीटरचं. मनालीहून काझाला जाणारे मोटरसायकलवाले बातलच्या ढाब्यावर राजमा-भात खातात, फोटो काढतात आणि कुंझुम खिंडीकडे निघतात. याच खोऱ्यातल्या डोंगरांत सुत्री ढाका, बातल, बडा शिग्री, समुद्र टापू, गेपांग गाथ आणि कुंझुम या सहा हिमनद्यांची 2013 पासून, म्हणजे हिमांश होण्याच्याही आधीपासून, दरवर्षी मोजदाद चालते, हे त्यांच्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असेल.

आता मोजायचं काय? हिमनदीचं मुख किती मागे सरलं हे सगळ्यांना कळतं, वर्तमानपत्रांत तेच येतं. पण मुख ही हिमनदीची सर्वांत उशिरा बोलणारी जागा आहे. बर्फाची जाडी कमी होत असते आणि मुख मात्र काही वर्षं जागच्या जागी असतं. म्हणून खरा प्रश्न जमाखर्चाचा: हिवाळ्यात वर किती बर्फ साचलं आणि उन्हाळ्यात खाली किती वितळलं. याला वस्तुमानाचा ताळेबंद म्हणतात, आणि तो मांडायचं मुख्य हत्यार आहे बांबू.

हो, बांबूच. गॅसवर तापवलेल्या छोट्या बॉयलरमधून वाफ काढायची, ती रबरी नळीने टोकदार नळीत सोडायची आणि त्या वाफेने बर्फात कित्येक मीटर खोल भोक पाडायचं. या यंत्राला स्टीम ड्रिल म्हणतात. भोकात बांबूचे तुकडे एकमेकांना तारेने बांधून सोडायचे. पुढच्या वेळी येऊन बांबू किती उघडा पडला ते टेपने मोजायचं. दोन मीटर जास्त दिसला तर तिथलं दोन मीटर बर्फ गेलं. बर्फ पाण्यापेक्षा हलकं, म्हणून नऊ दशांशाने गुणायचं: एक मीटर ऐंशी सेंटिमीटर पाणी. नळाशेजारी बादली धरून हिशेब करावा इतकं हे सरळ आहे. फक्त बादली चार-पाच हजार मीटर उंचीवर आहे, भेगांनी चिरलेली आहे आणि ड्रिल, सिलिंडर, बांबू हे सगळं माणसांच्या पाठीवरून न्यावं लागतं.

वरच्या भागात, जिथे बर्फ साचतं, तिथे बांबूने भागत नाही. तिथे खड्डा खणायचा आणि थराथराचं वजन करायचं. इथे मराठी अपुरी पडते. उसाच्या रसातला खडा, मासळीवरची लादी, गोळेवाल्याचा भुगा आणि आकाशातून पडणारा कापूस, सगळ्याला आपण बर्फच म्हणतो. कोकणात-देशावर वेगळे शब्द लागलेच नाहीत कधी. पण हिशेबात फरक मोठा पडतो. ताजं पडलेलं बर्फ घनमीटरला साधारण शंभर किलो भरतं, हिमनदीचं घट्ट बर्फ नऊशे. मीटरभर ताजं बर्फ म्हणजे जेमतेम वीतभरही नसलेलं पाणी.

हे वर्ष मोजतात 1 ऑक्टोबर ते 30 सप्टेंबर. सप्टेंबरअखेरीस वितळणं थांबतं आणि नवं बर्फ पडायचं असतं. त्या थोड्या दिवसांत सगळे बांबू गाठायचे. लवकर गेलात तर वितळणं चालूच असतं, उशीर केलात तर रस्ता बंद. हिवाळाभर मग स्वयंचलित हवामान केंद्रं एकटीच वारा, तापमान, ऊन टिपत उभी असतात. हिमांशकडे बर्फाची जाडी शोधणारं रडार आहे, हिमनदीची चाल पकडणारे जीपीएस आहेत, नदीच्या पाण्याची पातळी नोंदणारी यंत्रं, लेसर स्कॅनर आणि ड्रोनही आहेत. ती हवीतच. तरी माझ्या मते या केंद्राचा जीव बांबूत आहे.

सुत्री ढाका आणि बातल या शेजारणी घ्या. ऊन तेच, आभाळ तेच. सुत्री ढाका बरीचशी उघडी, बातलच्या खालच्या अंगावर दगडमातीचं पांघरूण. हे पांघरूण पातळ असेल तर काळा रंग ऊन शोषतो आणि बर्फ जास्त वितळतं. काही सेंटिमीटरच्या पुढे जाड झालं की तेच गोधडीसारखं बर्फाला उन्हापासून राखतं. शेजारी-शेजारी असूनही दोघींचं वितळणं वेगळं निघालं ते या दगडांमुळे. उपग्रहाला वरून राखाडी डाग दिसतो. तो डाग चार बोटं जाड आहे की हातभर, हे जागेवर जाऊन खणल्याशिवाय कळत नाही.

उपग्रहाला कमी लेखायचं कारण नाही. अनिल कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये चिनाब, पार्वती आणि बास्पा खोऱ्यांतल्या 466 हिमनद्यांचं क्षेत्र 1962 पासून 21 टक्क्यांनी घटल्याचं दाखवलं, ते जुने नकाशे आणि उपग्रहचित्रं यांच्याच जोरावर. इतक्या हिमनद्यांवर बांबू घेऊन कोण चढणार? पण क्षेत्र म्हणजे आकारमान नव्हे. जाडीचा हिशेब अजून बर्फावर उभं राहूनच पक्का करावा लागतो.

आणि तो पक्का नसला की काय होतं ते आपण पाहिलं आहे. 2007 च्या आंतरसरकारी हवामान समितीच्या अहवालात हिमालयातल्या हिमनद्या 2035 पर्यंत नाहीशा होण्याची शक्यता खूप मोठी असल्याचं वाक्य शिरलं. त्याला आधार नव्हता. जानेवारी 2010 मध्ये समितीला चूक कबूल करावी लागली. हवामानबदल थोतांड आहे असं सांगणाऱ्यांना आयतं कोलीत मिळालं. मला दोष त्या वाक्यापेक्षा रिकाम्या वह्यांचा वाटतो. भारतात ताळेबंदाची पहिली मोजणी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने 1974 मध्ये हिमाचलमधल्या गारा हिमनदीवर सुरू केली. सुरुवात जगाच्या मानाने फार उशिरा नव्हती. पण गारावरची मोजणी दशकभरात संपली, शेजारच्या हिमनद्यांवरच्या नोंदीही तशाच दहाएक वर्षांत थांबल्या. सलग टिकली ती चंद्रा खोऱ्यातलीच छोटा शिग्री. तिथे जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने फ्रेंच सहकाऱ्यांबरोबर 2002 मध्ये लावलेली मालिका चालू राहिली.

हिमांशच्या सहा हिमनद्यांचा 2013 ते 2020 चा आकडा असा: वर्षाला पाण्याच्या हिशेबात सरासरी 0.3 ते 1.13 मीटर घट. सहाही तोट्यात, पण एक दुसरीच्या जवळजवळ चौपट. हिमालयाविषयी एका वाक्यात बोलणाऱ्या प्रत्येकाने हा फरक डोळ्यांसमोर ठेवावा.

गेलेलं पाणी सगळंच नदीला जात नाही. गेपांग गाथच्या मुखाशी त्याचं तळं झालं आहे. इस्रोच्या उपग्रहचित्रांनुसार 1989 मध्ये साडेछत्तीस हेक्टर असलेलं हे तळं 2022 मध्ये 101 हेक्टरांवर गेलं. खाली सिस्सू गाव आहे आणि अटल बोगद्यातून बाहेर पडून लेहकडे जाणारा रस्ता. अशी तळी बर्फ आणि सैल दगडमातीच्या बांधाने अडलेली असतात. ऑक्टोबर 2023 मध्ये सिक्कीममधलं दक्षिण ल्होनक तळं फुटलं आणि चुंगथांगचं तिस्तेवरचं धरण वाहून गेलं. चंद्रेलाही अशी आठवण आहे. 1836 मध्ये बडा शिग्रीने नदी अडवली, मागे मोठं तळं साचलं आणि ते फुटून खाली हाहाकार झाला, असं जुन्या नोंदींत आहे. तेव्हा खोऱ्यात ना बोगदा होता, ना पर्यटकांची हॉटेलं.

हवामानशास्त्रात सरासरी काढायची तर तीस वर्षांची धरतात. छोटा शिग्रीच्या वहीत ती 2032 मध्ये भरतील. हिमांशच्या सहा हिमनद्यांसाठी 2043 उजाडावं लागेल, आणि तोवर दर सप्टेंबरला कुणीतरी बांबू पाठीवर घेऊन वर चढलेलं असावं लागेल.