एका टिचकीत खेळ



आमच्या वर्गात संगणक एक आणि मुलं पुष्कळ. पाळी मिळते दहा मिनिटांची. त्यातली तीन-चार मिनिटं खेळ शोधण्यात अन् आवाज बंद करण्यातच जायची. आवाज राहिला की शेजारच्या वर्गातून बाई यायच्या. मग पाळी संपलीच समजा!

आम्ही 'जीकॉम्प्री' हा खेळ खेळतो. फ्रान्समधल्या ब्रुनो कुद्वँ यांनी तो २००० साली सुरू केला. तो फुकट मिळतो. त्यात गणित, अक्षरं, कोडी असे शंभरावर खेळ आहेत. फ्रेंच भाषेत 'जे कॉम्प्री' म्हणजे 'मला समजले'.

ज्या चित्रावर टिचकी मारली की खेळ उघडतो, त्याला लाँचर म्हणतात. त्या चित्रामागे एक लेखी आज्ञा असते. चिखलीच्या बाजारात आई नुसतं "गूळ द्या" म्हणत नाही. "गूळ द्या, अर्धा किलो, पिवळा" म्हणते. तशाच आज्ञेपुढेही सूचना जोडता येतात.

आमचा संगणक लिनक्सवर चालतो. त्यावर असे करा :

१) पडद्यावर मोकळ्या जागी माऊसचे उजवे बटण दाबून 'क्रिएट लाँचर' निवडा.
२) नावाच्या चौकटीत 'मुका खेळ' लिहा.
३) कमांडच्या चौकटीत इंग्रजी लहान अक्षरांत लिहा : जीकॉम्प्री-क्यूटी --म्यूट

स्पेलिंग संगणकाजवळच्या पुठ्ठ्यावर आहे.

'म्यूट'ने आवाज बंद होतो, 'साउंड'ने सुरू होतो, 'फुलस्क्रीन'ने खेळ पडदाभर दिसतो. 'लाँच' लिहून पुढे खेळाचे नाव दिले, की थेट तोच खेळ उघडतो. प्रत्येक सूचनेआधी दोन आडव्या रेघा हव्यात.

पहिल्या दिवशी माझा खेळ उघडलाच नाही. मित्र म्हणाला, "बिघडवलं ना तू!" मला रडूच आलं. गुरुजींनी तीच ओळ टर्मिनलच्या काळ्या खिडकीत लिहायला लावली. संगणकाने सांगितले, 'अशी आज्ञा सापडली नाही.' मी रेघांआधी जागाच सोडली नव्हती! जागा सोडली अन् खेळ उघडला. चुकीच्या ओळीने संगणक मोडला नव्हता, त्याला फक्त माझे बोलणे कळले नव्हते.

आता पडद्यावर दोन चित्रं आहेत, 'मुका खेळ' आणि 'बोलका खेळ'. पहिलीतली मुलंसुद्धा आपली पूर्ण दहा मिनिटं खेळतात. बाईही रागावत नाहीत.

तुम्हीही करून पाहा. चुकलं तर घाबरू नका, ओळ पुन्हा वाचा.

— इयत्ता पाचवीचा एक विद्यार्थी, चिखली