शाळा मुलाकडे जाते तेव्हा

‘सर्वसमावेशक शिक्षण’ आणि ‘विद्यार्थिकेंद्री अध्यापन’ हे दोन शब्दप्रयोग शासकीय परिपत्रकांत आणि शिक्षक-प्रशिक्षणाच्या पुस्तिकांत बहुधा जोडीनेच येतात, आणि त्यामुळे ती एकाच गोष्टीची दोन नावे असावीत असा समज होतो. वास्तविक त्यांनी विचारलेले प्रश्न निराळे आहेत. पहिल्याचा प्रश्न वर्गात कोण आहे, कोण बाहेर राहिले आणि का राहिले, हा आहे. दुसऱ्याचा प्रश्न, जे आत आहेत त्यांच्या मनात शिकणे कसे घडते आणि त्याला अनुसरून शिक्षकाने काय करावे, हा आहे. पहिला प्रश्न सोडून दुसराच धरला, तर विद्यार्थिकेंद्री वर्गही मूठभर बोलक्या मुलांचा होऊन बसतो; आणि दुसरा सोडून पहिलाच धरला, तर हजेरीपटावर नाव असूनही काही न शिकणाऱ्या मुलांची संख्या तेवढी वाढते.

या विचाराचा इतिहास अपंग मुलांच्या शिक्षणात सर्वांत स्पष्ट दिसतो. आरंभी अंध, कर्णबधिर किंवा मतिमंद मानल्या गेलेल्या मुलांसाठी स्वतंत्र विशेष शाळा होत्या. १९७४ साली केंद्र सरकारने ‘एकात्मिक शिक्षणा’ची योजना आणली, म्हणजे या मुलांना नेहमीच्या शाळेत प्रवेश देण्याची, परंतु शाळा होती तशीच राहिली आणि तिच्याशी जुळवून घेण्याचा भार मुलावर पडला. १९९४ मध्ये स्पेनमधील सालामांका येथे भरलेल्या जागतिक परिषदेने हा क्रम उलटवला, आणि भारतात दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यात समावेशक शिक्षणाची जी व्याख्या आहे तिच्यात दिव्यांग आणि इतर विद्यार्थी एकत्र शिकतील एवढेच म्हटलेले नाही, तर अध्यापनाची व्यवस्थाच त्यांच्या गरजांनुसार बदलली जाईल असे म्हटले आहे. याच कायद्याने मान्य अपंगत्वांची संख्या सातवरून एकवीसवर नेली, आणि वाचन-लेखनातील विशिष्ट अध्ययन अक्षमता, जी पूर्वी ‘आळस’ किंवा ‘मठ्ठपणा’ या नावांनी ओळखली जाई, तीही त्यात आली. एकात्मिक आणि समावेशक या शब्दांतील फरक कोशात पुसट वाटतो, पण बदलायचे कोणी, मुलाने की शाळेने, एवढ्या एका मुद्द्यावर तो सगळा उभा आहे.

हा मुद्दा महाराष्ट्रात मात्र सालामांकाची वाट पाहत थांबलेला नव्हता. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत बालशिक्षणाचे काम केल्यानंतर १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, अनुताई वाघ (१९१०–१९९२) तेथेच त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये हे काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या सान्निध्यात गेले. शहरातील सुस्थित मुलांसाठी वापरली जाणारी माँटेसरी पद्धतीची साधने महागडी होती. त्यांची जागा शंखशिंपले, बिया, पाने, दगडगोटे आणि मातीच्या वस्तू यांनी घेतली. ही काटकसर तर होतीच, पण तिच्यात एक अध्यापनशास्त्रीय निवडही होती, कारण पाड्यावरच्या मुलाला या वस्तूंचे नाव, स्पर्श आणि उपयोग आधीच ठाऊक असतो आणि मोजणे किंवा वर्गीकरण करणे ही नवी गोष्ट त्या ओळखीवर टेकून उभी राहते.

साधनांपेक्षा मोठी अडचण वेळेची आणि जागेची होती. मुले बालवाडीत येत नाहीत याचे सर्वांत सोपे उत्तर ‘आईवडिलांना शिक्षणाची किंमत नाही’ असे देता येते, आणि ते आजही दिले जाते. कोसबाडला मात्र मुले त्या वेळी नेमके काय करत असतात हे पाहिले गेले. लहान मुले पाड्यातच असत, म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात भरवली गेली, आणि मुलांना न्हाऊमाखू घालणे हासुद्धा तिच्या कामाचा भाग मानला गेला. ‘अंगणवाडी’ या शब्दाचे मूळ येथे आहे. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने तो देशभर नेला, तेव्हा त्यामागचा हा तर्क मात्र बराचसा मागेच राहिला. थोरल्या मुली धाकट्या भावंडांना सांभाळत असल्यामुळे शाळेला मुकतात हे दिसल्यावर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी ‘विकासवाडी’ निघाली, म्हणजे भावंड कडेवर घेऊन आलेल्या मुलीला परत जावे लागू नये. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती राखतात त्याच ठिकाणी, कुरणात, ‘कुरणशाळा’ भरली. दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रशाळा होती. या सर्व प्रयोगांत मुलाचा दिवस कायम धरला आणि वेळापत्रक हलवले. बहुतेक शाळा आजही याच्या नेमके उलट करतात.

त्याहीआधी, १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी प्राथमिक शाळेचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत, त्यांना नांगर धरता यावा आणि अभ्यासक्रमात शेतीच्या प्राथमिक ज्ञानाला जागा असावी, अशी मागणी केली होती. शिक्षक मुलांच्या जगाशी परका नसावा हा त्यातला आग्रह अजूनही निकाली निघालेला नाही.

परकेपणा सर्वांत आधी भाषेत जाणवतो. मेळघाटातील कोरकू ही मुंडा कुळातील, तर भामरागडच्या परिसरातील माडिया ही द्राविडी कुळातील भाषा आहे. मराठीशी त्यांचे नाते शेजाराचे आहे, रक्ताचे नाही. पहिलीत बसलेल्या कोरकू मुलाला ‘प्रमाण भाषा जरा कमी येते’ असे म्हणणे त्यामुळे चुकीचे ठरते, कारण त्याच्यापुढे एक संपूर्ण परकी भाषा असते आणि तिच्यातूनच त्याने अक्षर, अंक आणि शिस्त या तिन्ही गोष्टी एकाच वेळी शिकाव्यात अशी अपेक्षा असते. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये शिक्षणाचे माध्यम शक्य तितके मुलाची मातृभाषा असावे असे म्हटले आहे, आणि त्याच कलमात कृती, शोध व अन्वेषण यांच्याद्वारे बालस्नेही पद्धतीने शिकवावे असेही आहे. दोन्ही तरतुदी एकाच कलमात असणे अर्थपूर्ण आहे, कारण ज्या भाषेत प्रश्न विचारता येत नाही त्या भाषेत शोध घेता येत नाही. ‘शक्य तितके’ या दोन शब्दांनी मात्र व्यवस्थेला पळवाट ठेवली आहे.

ऊसतोड कामगारांच्या मुलांबाबत हाच प्रश्न जागेच्या रूपाने येतो. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून कोयते कारखान्यांकडे निघतात आणि गावातील शाळेचा पट अर्ध्या वर्षासाठी रिता होतो. त्यावर दोन परस्परविरुद्ध उपाय झाले: साखरशाळा मुलांमागोमाग कारखान्यावर गेली, आणि हंगामी वसतिगृहाने मुलाला गावातच ठेवून आईवडिलांना एकटे जाऊ दिले. पहिल्यात शिक्षण तुटक होते, दुसऱ्यात कुटुंब. दोहोंपैकी एकही उपाय पुरता समाधानकारक नाही हे मान्य करणेच प्रामाणिक होय.

विद्यार्थिकेंद्री अध्यापनाचा सैद्धांतिक पाया ‘ज्ञानरचनावाद’ या नावाने ओळखला जातो. ज्ञान हे शिक्षकाने भांड्यात ओतावे तसे मुलात ओतले जात नाही, तर आधीच्या अनुभवाशी नवा अनुभव जोडत मूल ते स्वतः रचते, असा त्याचा आशय आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने तो स्वीकारला आणि पुढच्या दशकात महाराष्ट्रातील जिल्हा परिषद शाळांतही त्याचा प्रसार झाला. जेथे शिक्षकांनी तो समजून घेतला तेथे वर्गांचा कायापालट झाला. जेथे तो आदेश म्हणून आला तेथे फरशीवर रंगीत आकृत्या रंगवल्या गेल्या आणि घोकंपट्टी त्या आकृत्यांभोवती गोल बसून सुरू राहिली. गटकार्याचीही तीच गत होते. पाच मुलांच्या गटात एक हुशार मूल बोलते, दुसरे लिहिते आणि उरलेली तिघे माना डोलावतात, आणि ही तिघे कोण असतात ते पाहिले तर वर्गाबाहेरची उतरंड वर्गात तशीच्या तशी उतरलेली आढळते. म्हणून शिक्षकाने बाजूला व्हावे असा या पद्धतीचा अर्थ लावणे घातक आहे. कोण बोलले नाही याची नोंद ठेवणे, भूमिका आळीपाळीने देणे, उत्तरापूर्वी सर्वांना विचार करण्यास वेळ देणे, ही कामे व्याख्यानापेक्षा अधिक तयारी मागतात.

विद्यापीठांत व्याख्यानाची पकड अधिक घट्ट आहे. २०१४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात विज्ञान, अभियांत्रिकी व गणित यांच्या पदवी वर्गांविषयीचे २२५ अभ्यास एकत्र तपासले गेले; केवळ व्याख्यान असलेल्या वर्गांत नापास होण्याचे प्रमाण सुमारे ३४ टक्के, तर विद्यार्थ्यांना प्रश्न, चर्चा व सोडवणूक यांत गुंतवणाऱ्या वर्गांत सुमारे २२ टक्के आढळले. २०२० मधील पुढच्या अभ्यासात वंचित गटांतील विद्यार्थ्यांची पिछाडीही कमी झालेली दिसली, पण ज्या वर्गांत तासाचा मोठा हिस्सा अशा कृतींना दिला होता तेथेच; अधूनमधून एखादी चर्चा घडवून दरी बुजली नाही. मराठी माध्यमातून बारावी होऊन इंग्रजी माध्यमाच्या महाविद्यालयात पोहोचलेल्या, घरातून प्रथमच पदवीकडे निघालेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हा मुद्दा विचारात घेण्याजोगा आहे, कारण शंका मराठीत मांडण्याची मुभा मिळाली तरी त्याचा अर्धा अडथळा दूर होतो आणि त्यासाठी कोणताही निधी लागत नाही.

परीक्षेच्या बाबतीत व्यवस्था तुलनेने पुढे गेलेली आहे. लक्षणीय अपंगत्व असलेल्या पात्र उमेदवाराला लेखनिक आणि तासाला किमान वीस मिनिटे जादा वेळ देण्याची तरतूद केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत आहे, म्हणजे तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेला निदान एक तास अधिक. वर्षभराच्या तासिकांत मात्र त्याच विद्यार्थ्याला टिपणे आधी मिळतील, फळ्यावरचे आकृतिबंध शब्दांतही सांगितले जातील किंवा प्रयोगशाळेचे टेबल त्याच्या चाकाच्या खुर्चीला पुरेसे खाली असेल, याची हमी बहुतेक ठिकाणी एखाद्या प्राध्यापकाच्या वैयक्तिक सौजन्यावर अवलंबून असते, आणि तो प्राध्यापक निवृत्त झाला की ती संपते.